आमची वाटचाल : घरच्या गॅरेजातल्या एका व्ही-एटपासून

आमच्या कार्यशाळेत आज एका वेळी चार जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे काम चालते. या कामाची सुरुवात मात्र घराला लागून असलेल्या, जेमतेम एक गाडी मावेल अशा गॅरेजात झाली आणि त्या वेळी यातून व्यवसाय उभा राहील असे आमच्या मनातही नव्हते. मी आणि माझा धाकटा भाऊ नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी एमजी या ब्रिटिश कंपनीची १९७५ सालची एक एमजीबी जीटी (छत असलेली छोटी स्पोर्ट्स गाडी) उभी करत होतो. तिच्या १७९८ सीसीच्या मूळ इंजिनाच्या ब्लॉकला आरपार तडा गेला होता, सिलिंडरच्या भिंती पूर्वीच एकदा कमाल मर्यादेपर्यंत घासून झालेल्या होत्या आणि ते इंजिन पुन्हा उभे करण्यात अर्थ उरला नव्हता. म्हणून इंजिन बदलायचे ठरले. हौस होतीच, पण निर्णय गरजेपोटी झाला, आणि हा फरक पुढे आमच्या कामाच्या पद्धतीत कायम राहिला.

कोणते इंजिन बसवायचे, यावर आम्ही फार काळ घालवला नाही. एमजीबी १९६२ साली आली, जीटी १९६५ साली, आणि १९७० च्या सुमारास इंग्लंडमधले रेसर केन कॉस्टेलो यांनी या गाडीत रोव्हर या ब्रिटिश कंपनीचे ३५२८ सीसीचे व्ही-एट (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेले) इंजिन बसवून दाखवले. पुढे एमजीच्या कारखान्यानेच १९७३ ते १९७६ या काळात एमजीबी जीटी व्ही-एटच्या २५९१ गाड्या तयार केल्या. हे इंजिन मुळात ब्यूइक या अमेरिकन कंपनीचे, १९६१ सालचे; त्याचे हक्क रोव्हरने १९६५ साली घेतले. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे असल्यामुळे आठ सिलिंडर असूनही त्याचे वजन जवळपास एमजीबीच्या लोखंडी चार सिलिंडरच्या इंजिनाइतकेच भरते. गाडीचे नाक जड झाले नाही, तर तिची वळणावरची पकड आणि स्टीअरिंगचा हलकेपणा टिकून राहतो. जड लोखंडी इंजिन केवळ ताकदीच्या मोहाने हलक्या स्पोर्ट्स गाडीत बसवलेले आम्ही पाहिले आहे. तशी गाडी सरळ रस्त्यावर पळते खरी, पण चालवण्यातला आनंद हरवून बसते.

इंजिन आले आणि दोन वर्षे ताडपत्रीखाली पडून राहिले, कारण त्याआधी पत्र्याचे काम होते. एमजीबीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते. दारांखालून जाणाऱ्या सिल नावाच्या पेट्यांवर गाडीची ताकद उभी असते. या पेट्या आतला पत्रा, मधला पडदा, खालची कॅसल रेल आणि बाहेरचा पत्रा अशा थरांच्या असतात. बाहेरून रंग चकचकीत असला, तरी आतले थर गंजून भुगा झालेले असू शकतात, आणि आमच्या गाडीत नेमके तेच झाले होते. जुनी सिल कापताना गाडीला योग्य आधार नसेल, तर बॉडी मधोमध बसते आणि नवी सिल त्याच बसलेल्या स्थितीत पक्की होते. मग दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. उघड्या रोडस्टरला हा धोका सर्वाधिक असतो, परंतु छत असलेल्या जीटीलाही तो असतोच. आम्ही दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी अँगल वेल्डिंगचे टाके मारून पक्के केले, एका वेळी एकच बाजू कापायची असे ठरवले आणि दाराची फट वर, मध्ये व खाली मोजून वहीत लिहून ठेवली.

एवढे करूनही पहिल्या बाजूला आम्ही चुकलो. सगळे पत्रे पकडीत बसवून झाल्यावर मी उत्साहाच्या भरात बाहेरच्या पत्र्याची लांब शिवण एका दमात वेल्ड केली. पत्रा तापला, निवताना आकसला, आणि सकाळी दाराची खालची फट ५ मि.मी. होती ती १ मि.मी.वर आली होती. भावाने काही न बोलता वहीतला आकडा मला दाखवला. आम्ही ती संपूर्ण सिल पुन्हा कापून काढली. दुसऱ्या खेपेला हातभर अंतरावर एकेक टाका, मग दुसऱ्या टोकाला एक, मध्ये पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचे, अशा रीतीने तेच काम चार रात्री चालले आणि फट जशी होती तशी राहिली. आजही आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाला वेल्डिंगचा बंदूकवजा टॉर्च हातात देण्याआधी आम्ही फट मोजायला शिकवतो.

इंजिन रोव्हर एसडी-वन या गाडीतले होते आणि त्याच्याच मागे लागणारा पाच गिअरचा एलटी-७७ गिअरबॉक्स आम्हाला मिळाला. (या नावातला ७७ हा आकडा गिअरबॉक्समधल्या दोन शाफ्टांच्या केंद्रांमधले मिलिमीटरमधले अंतर आहे.) इंजिन खोलल्यावर या जातीच्या इंजिनात अपेक्षित असते तेच दिसले : कॅमशाफ्टचे उंचवटे झिजलेले, टायमिंगची साखळी सैल, आणि तेल वेळेवर न बदलल्यामुळे व्हॉल्व्हच्या भागात काळा गाळ. कॅम, टॅपेट आणि साखळी हे तिन्ही नवे घातले. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट आवळताना लोखंडी इंजिनाची सवय विसरावी लागते. टॉर्क रेंचशिवाय (ठरवलेल्या जोराइतकेच आवळू देणाऱ्या पान्याशिवाय) एकही बोल्ट लावायचा नाही, हा नियम भावाने तेव्हा घातला.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण याच एका गोष्टीमुळे कित्येक घरी बांधलेली रोव्हर इंजिने पहिल्याच दिवशी खराब होतात. इंजिन जोडून गाडीत बसवून झाले, तेल भरले, स्पार्क प्लग काढून ठेवले आणि स्टार्टरने इंजिन फिरवले. तेलाच्या दाबाचा काटा शून्यावरून हललाच नाही. या इंजिनाचा तेलाचा पंप पुढच्या झाकणात, तेलाच्या पातळीच्या वर असतो. पंप कोरडा असेल, तर त्याची चाके नुसती हवेत फिरतात, तेल खेचत नाहीत. आम्ही जोडताना चाकांवर तेल ओतले होते, ते केव्हाच ओघळून गेले होते. भावाने गाडीखाली आडवे होऊन पंपाचे खालचे झाकण उतरवले, दोन्ही चाकांच्या दातांमध्ये पेट्रोलियम जेली बोटाने गच्च भरली आणि झाकण परत लावले. मग डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) काढून, त्याच्या जागेतून पंपाचा दांडा ड्रिल मशीनने फिरवला. पंधरा सेकंद काहीच झाले नाही. मग ड्रिलचा आवाज एकदम जड झाला, हाताला तो जडपणा जाणवला आणि काटा वर चढला. जेलीने फट बंद केली होती आणि पंपाने तेल पकडले होते. जेली पुढे गरम तेलात विरघळून जाते. आणखी एक : या इंजिनाचा तेलाचा दाब मुळातच कमी असतो. गरम इंजिनात २४०० फेऱ्यांना ३० ते ४० पीएसआय (दाबाचे एकक) दाब ठीक समजावा. तेवढ्याने घाबरून चांगले इंजिन पुन्हा खोलू नये.

त्याआधीचे, इंजिन गाडीत बसवण्याचे काम मात्र अपेक्षेपेक्षा सोपे गेले होते. आमची गाडी रबरी बंपरच्या काळातली असल्यामुळे तिचे इंजिनघर व्ही-एटला जागेच्या दृष्टीने सोयीचे होते. गिअरबॉक्ससाठी नवा आडवा आधार बनवला, प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) आखूड करून त्याचे संतुलन करून घेतले. अडचण आली ती उंचीची. कार्ब्युरेटर बॉनेटला लागतील अशी शंका होती, म्हणून त्यांच्या माथ्यावर प्लॅस्टिसिनचे (मुलांच्या खेळातल्या मऊ मातीचे) गोळे ठेवून बॉनेट हलकेच टेकवले. दाबला गेलेला गोळा मोजला तर अंतर ६ मि.मी. निघाले. उभ्या गाडीत एवढे अंतर पुरेसे वाटते, परंतु रबरी माउंटिंगवर बसलेले व्ही-एट जोर लावताना एका अंगाला कलते. कारखान्याने याच कारणासाठी कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला नेले होते. आम्हीही तीच रचना केली. बॉनेटला फुगवटा पाडण्याचा सोपा मार्ग आम्हाला मानवला नाही, कारण या गाडीची सपाट, शांत रेषा हेच तिचे देखणेपण आहे.

मागच्या डिफरन्शियलबद्दल आम्ही आळस केला आणि त्याचा त्रास भोगला. मूळ ३.९ चे प्रमाण (चाकाच्या एका फेरीला प्रॉपशाफ्टच्या किती फेऱ्या, ते) तसेच ठेवल्यामुळे पहिला गिअर टाकताच संपत असे आणि वेगात इंजिन विनाकारण ओरडत असे. कारखान्याच्या व्ही-एटमध्ये होते तसे ३.०७ चे प्रमाण घातल्यावर गाडी एकाएकी शहाणी झाली. ब्रेकसुद्धा जाड डिस्क आणि मोठ्या कॅलिपरचे केले. इंजिनाची ताकद वाढवून ब्रेक जुनेच ठेवणाऱ्या ग्राहकाचे काम आम्ही आजही घेत नाही, या बाबतीत तडजोड नाही.

त्या गाडीतून एकदा प्रवास केलेल्या एका परिचिताने आपली रोडस्टर आमच्याकडे सोपवली, आणि तिच्यापाठोपाठ आणखी दोन गाड्या आल्या. तेव्हा मी नोकरी सोडली, वर्षभराने भावाने सोडली. माझी पत्नी हिशेब पाहत असे. तिने वायरिंगचे आराखडे वाचायला शिकून ते काम स्वतःकडे घेतले, आणि आज आमच्याकडची प्रत्येक गाडी तिच्या हाताखालूनच सुरू होते. यामागेही एक चूक आहे. १९६५ सालच्या एका एमजीबीत मी नवे इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाईने जोडले. १९६७ पूर्वीच्या या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे ठाऊक असूनही मी ते तपासले नाही, आणि इग्निशनचे यंत्र जागीच जळले. भरपाई आम्ही केली. त्या संध्याकाळी पत्नीने ठरवले की बॅटरी जोडण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असेल, आणि ती व्यक्ती मी नसेन. तेव्हापासून तशी चूक झालेली नाही.

काम वाढले, तशी नकार देण्याची वेळही आली. मूळ इंजिन दुरुस्त होण्याजोगे असेल, तर आम्ही ग्राहकाला आधी तेच दुरुस्त करण्याचा सल्ला देतो. तरीही बदल हवाच असेल, तर बॉडीचा पत्रा न कापता, बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल अशीच रचना करतो, आणि निघालेले इंजिन तेल घालून, तोंडे बंद करून, क्रमांकाच्या चिठ्ठीसह मालकाला परत देतो. इंजिनाचा बदललेला क्रमांक नोंदणीत आणि विम्यात दाखल करण्याची कागदपत्रेही आम्ही काम सुरू होतानाच मागतो. यामुळे काही ग्राहक गेले. पन्नास वर्षे टिकलेली बॉडी आमच्या हाताने कायमची कापली जावी, त्यापेक्षा ते चालेल.

सध्या लिफ्टवर एक रोडस्टर आहे. दोन्ही दारांच्या चौकटींत अँगल लागले आहेत आणि वहीच्या पहिल्या पानावर भावाच्या अक्षरात नोंद आहे : डावे दार, वर ४, मध्ये ४, खाली ५ मि.मी. डाव्या बाजूची सिल आम्ही सोमवारी कापणार आहोत.