तुम्ही विचारलंत म्हणून: एफ-1 म्हणजे स्टुडंट व्हिसा नाकारल्यावर मी टुरिस्टवर अमेरिकेला परत कशी गेले

नौपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, भाजी घेताना, परवा तर एका मुंजीत पंगतीला बसल्यावरसुद्धा मला हेच विचारलं गेलं. तुझा स्टुडंट व्हिसा रिजेक्ट झाला होता ना, मग वर्षाच्या आत टुरिस्टवर अमेरिकेला परत कशी गेलीस? आणि मग जरा हळू आवाजात, आमच्या मुलालाही तसंच पाठवता येईल का गं, तिकडे पोचल्यावर ॲडमिशनचं बघता येईल. पहिल्याचं उत्तर सविस्तर देते. दुसऱ्याचं उत्तर नाही असं आहे, आणि ते का, हे मला मनापासून सांगायचंय कारण यात पोरांची वर्षं जातात.

माझं एमएस तिकडेच झालं, थोडा जॉब केला, मग ठाण्याला परत आले. नंतर पीएचडीला ॲडमिशन मिळाली, आय-20 म्हणजे युनिव्हर्सिटीचा ॲडमिशनचा फॉर्म आला, सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे, 350 डॉलर भरले, व्हिसा फीचे 185 भरले, आणि इंटरव्ह्यूला खिडकीवर तीन-चार प्रश्न झाले असतील नसतील तर पासपोर्ट परत आणि सोबत एक कागद. कलम 214-बी. म्हणजे शिकून झाल्यावर ही परत जाईल हे ऑफिसरला पटलं नाही. कायदा धरूनच चालतो की येणारा माणूस तिकडे राहायलाच येतोय, तसं नाही हे पटवून देणं आपल्यावर. याच्यावर अपील नाही. पण ही कायमची बंदीही नाही, पुन्हा अर्ज करता येतो, आणि सेव्हिसची फी त्याच प्रकारच्या व्हिसासाठी 12 महिने चालते, हे त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं तर कुर्ला ते ठाणे लोकलमध्ये ओढणीत तोंड लपवून रडले नसते.

मग अमेरिकेतल्या ताईची डिलिव्हरी जवळ आली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, ती जाऊ शकत नव्हती. माझ्याकडे कॉलेजच्या वेळचा बी1/बी2, म्हणजे टुरिस्ट व्हिसा, होता, 10 वर्षांचा, कोपरा कापलेल्या जुन्या पासपोर्टमध्ये, अजून मुदत असलेला. एफ-1 नाकारला म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. रद्द करायचा अधिकार अमेरिकन अधिकाऱ्यांना असतो, त्यामुळे मी त्या पानावर शिक्का आहे का ते पाहिलं, ईमेल पाहिले, स्पॅम फोल्डरसुद्धा पाहिलं. काही नव्हतं. म्हणजे व्हिसा चालू होता, पण आत सोडायचं की नाही हे एअरपोर्टवरचा ऑफिसर ठरवतो आणि त्याच्या स्क्रीनवर आपलं रिजेक्शन दिसतं. हे लपवता येईल असं ज्यांना वाटतं त्यांनी तो विचारच सोडून द्या.

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी माझी बॅग परत उघडायला लावली. तळाशी माझी निळी फाईल होती, डिग्री, मार्कशीट, ट्रान्स्क्रिप्ट, सगळं ओरिजिनल. मी म्हटलं असू दे, सवय आहे जवळ ठेवायची. बाबा म्हणाले, ताईच्या बाळंतपणाला जातेस ना, मग मार्कशीट कशाला? मला जरा रागच आला, पण फाईल काढली आणि कपाटात ठेवली. त्या जागी ऑफिसचं रजेचं पत्र आलं, वागळे इस्टेटमध्ये नोकरी लागली होती तिथलं, आणि रिटर्न तिकीट, सात आठवड्यांनंतरचं.

तिकडे उतरल्यावर मला सेकंडरीला, म्हणजे जादा चौकशीच्या खोलीत नेलं. खुर्च्या, थंडगार एसी, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि आपलं नाव कधी पुकारतील याकडे कान. ऑफिसरने पहिलंच विचारलं, व्हिसा कधी नाकारला गेला? मी महिना सांगितला, पीएचडीसाठी होता तेही सांगितलं, 214-बी तेही. मग आता कशाला आलीस? ताईचं बाळंतपण. कॉलेजला जाणार आहेस का? नाही. त्याने फोन घेतला, व्हॉट्सॲप बघितलं, मी काहीही डिलीट केलेलं नव्हतं. मग बॅग उघडली. वरच आजीच्या जुन्या सुती लुगड्यांची आईने शिवलेली दुपटी होती, सहा, आणि एक कुंची. त्याने एक दुपटं उचललं, उलटंसुलटं केलं, हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं की नवं कापड बाळाला टोचतं, म्हणून घरातलं धुऊन धुऊन मऊ झालेलं वापरतात. त्याने ते नीट घडी करून परत ठेवलं. मला ती घडी अजून डोळ्यासमोर दिसते. आणखी दहा मिनिटांनी सोडलं.

ती निळी फाईल बॅगेत असती तर माझं तेच खरं उत्तर खोटं वाटलं असतं. अशा वेळी विश्वास बसला नाही तर स्वतःहून परत जाऊ देतात, नाहीतर तिथूनच काढून लावतात आणि 5 वर्षं बंदी. आणि खोटं बोलताना सापडलात तर कायमचं अपात्र.

आता दुसरा प्रश्न. टुरिस्ट व्हिसावर डिग्रीचा कोर्स करता येत नाही. टुरिस्टवरून स्टुडंट असं स्टेटस बदलायचा अर्ज असतो, आय-539, पण तो मंजूर होईपर्यंत क्लासला बसता येत नाही, आणि पोचल्यावर लगेच, विशेषतः पहिल्या 90 दिवसांत असलं काही केलं, तर येतानाच खोटं सांगितलं होतं असं धरलं जाऊ शकतं. मुदतीचाही घोळ होतो, व्हिसा 10 वर्षांचा असला तरी राहायचं ते आय-94 वरच्या, म्हणजे आत सोडताना होणाऱ्या नोंदीवरच्या, तारखेपर्यंतच, साधारण सहा महिने मिळतात, आणि त्याच्या पुढे राहिलात तर तो 10 वर्षांचा व्हिसाच बाद. जो एजंट सांगतो की आधी पोचा मग बघू, तो तिकडच्या खोलीत तुमच्या मुलाशेजारी बसायला येणार नाही.

मी सात आठवडे राहिले, भाचीची मालिश शिकले, ठरलेल्या तारखेला परत आले, बोर्डिंग पास जपून ठेवलाय. पीएचडीचा अर्ज पुढच्या वर्षी परत करणार आहे, एफ-1 वरच. फॉर्ममध्ये आधी नाकारलंय का असा प्रश्न असतो, तिथे हो लिहिणार.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मी हेच सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा हुशार आहे, हाच कोर्स का आणि खर्च कोण करणार, हे त्याला दोन वाक्यांत सांगता येत नाही एवढंच. रविवारी तो आय-20 घेऊन आमच्याकडे येणार आहे. ऑफिसरच्या खुर्चीत बाबा बसायचे आहेत.