मोटार रिवाइंडिंग ते नॅनोकंपोझिट फिल्म : आमची वाटचाल

वरूड तालुक्याच्या संत्रापट्ट्यात शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड करून देणे, हा आमच्या फर्मचा मूळ व्यवसाय. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला की पत्र्याच्या स्टार्टरपेटीतील कंडेन्सर (विद्युतऊर्जा साठवणारा भाग) फुगून निकामी होत आणि ऐन गरजेच्या वेळी बागेचे ओलित थांबत असे. म्हणून धातूचा मुलामा दिलेली पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकची फिल्म आणून आम्ही स्वतः कंडेन्सर गुंडाळू लागलो. आजही फर्मचा खर्च त्यावरच निघतो.

पॉलिप्रॉपिलिनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतऊर्जा साठवण्याच्या क्षमतेचे माप) जेमतेम 2.2 आहे, मात्र त्यातील ऊर्जाऱ्हास अत्यल्प असून चांगली फिल्म दर मायक्रॉन जाडीला 600 व्होल्टच्या आसपास दाब सोसते. अडचण उष्णतेची. 85 अंशांपुढे तिच्यावरील व्होल्टेज उतरवावे लागते. त्याच आकारात अधिक ऊर्जा साठावी, या ध्यासाने आम्ही पीव्हीडीएफ या प्लास्टिकवर्गीय पॉलिमरमध्ये बेरियम टायटॅनेट या उच्च स्थिरांकाच्या सिरॅमिकचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) मिसळून नॅनोकंपोझिट फिल्म ओतण्याचे प्रयोग हाती घेतले.

स्थिरांक वाढवणे त्या मानाने सोपे आहे. साठणारी ऊर्जा स्थिरांकाच्या प्रमाणात वाढते, परंतु विद्युतक्षेत्राच्या (दर मायक्रॉन जाडीवरील व्होल्टेजच्या) बाबतीत मात्र त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे स्थिरांक दुप्पट होऊनही फिल्मची दाब सोसण्याची क्षमता 30 टक्क्यांनी घटली, तर हाती काहीच उरत नाही. कणांचे पुंजके होतात, त्यांच्याभोवतीच्या पॉलिमरमध्ये विद्युतक्षेत्र एकवटते आणि फिल्म नेमकी तेथेच फुटते. यासाठी कणांना आधी सिलेनचे (कण पॉलिमरशी जुळवून घेणाऱ्या सिलिकॉनयुक्त रसायनाचे) आवरण देणे आम्हाला अपरिहार्य वाटते. शिवाय पीव्हीडीएफमधील ऊर्जाऱ्हास पॉलिप्रॉपिलिनच्या सुमारे शंभरपट असतो, आणि अखंड चालणाऱ्या पंपाच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडतो, हे स्थिरांकाच्या आकड्याने हुरळून जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

आमच्या हवामानाने या कामात बरेच शिकवले. पीव्हीडीएफ ज्या द्रावकात विरघळवतो, तो हवेतील बाष्प ओढून घेतो. पावसाळी दमट हवेत ओतलेली फिल्म सुकताना पाण्यामुळे पॉलिमर द्रावणातून वेगळा होतो, आत सूक्ष्म छिद्रे राहतात आणि फिल्म दुधाळ दिसते. अशी फिल्म दाब सोसत नाही. विदर्भाचा कोरडा चैत्र-वैशाख मात्र या कामाला फार अनुकूल आहे. पावसाळ्यात फिल्म ओतायची काच तापवून, बंद ओव्हनमध्येच फिल्म सुकवावी लागते.

अलीकडे आम्ही फिल्ममध्ये बोरॉन नायट्राइडचे नॅनोपापुद्रे मिसळण्याकडे वळलो आहोत. त्यांचा स्वतःचा स्थिरांक कमी असला तरी ते विद्युतभंगाची (व्होल्टेजने फिल्म फुटण्याची) वाट अडवतात आणि उष्णताही वाहून नेतात. आमच्या भागासाठी हीच दिशा योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. सध्या हे नमुने 85 अंशांवर, व्होल्टेजखाली ठेवून त्यांची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आणि ऊर्जाऱ्हास नियमित मोजण्याचे काम चालू आहे, आणि या चाचणीत टिकल्याशिवाय एकही नमुना आम्ही विक्रीस काढणार नाही.