बारोमास आणि बियाण्याची पावती

सदानंद देशमुखांची 'बारोमास' मी फारच उशिरा वाचली. 2004 चं साहित्य अकादमी मिळालेली कादंबरी, त्यात लेखक आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातले, आणि मी ती वाचली कुठे तर पुण्यात चौथ्या मजल्यावर, खाली सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा होत असताना. बरं तेव्हा टँकर अर्धा तास लेट झाला म्हणून ग्रुपवर केवढी बोंबाबोंब!

दुष्काळ म्हटलं की आपल्याला पेपरातला फोटोच आठवतो, भेगाळलेलं रान आणि कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा. इथे मात्र तो थेट घरात घुसलेला. शिकून बेकार बसलेला एकनाथ, नोकरीसाठी डोनेशन हवं, त्यापायी वावर विकायचं की नाही यावरून धुसफूस, आणि त्याची बायको अलका, जिचा या शेतकऱ्याच्या घरात जीवच रमत नाही. आधी मला अलकाचा जाम राग आला. मग लक्षात आलं की मी तरी काय केलं, मीही पळूनच आलो की, फक्त तिला लोक नावं ठेवतात आणि मला नोकरी लागली तेव्हा गावाने शाल-नारळ दिला होता.

बारोमास म्हणजे बाराही महिने, हे नाव मला आधी नुसतं छान वाटलं होतं. पण खरंच, पाऊस दगा देतो जून-जुलैत आणि भोगायचं वर्षभर. मृगात दोन सरी आल्या की हात शिवशिवतात. 75 ते 100 मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं सांगतं, ते आम्हालाही पाठ आहे, पण शेजारच्याचं पेरणीयंत्र वावरात उतरलं की कोणाला धीर धरवतो? मग पाऊस उघडतो, कोंब वाळतात, दुबार पेरणी, सोयाबीनची परत बॅग आणि तीही उधार. ती उधारी मग दिवाळीत कपड्यांच्या दुकानात आठवते, उन्हाळ्यात लग्नाच्या याद्या करताना आठवते, आणि आई आपली नेहमीसारखी म्हणते, मला काही नको.

तर गावी जाताना पुस्तक बाबांसाठी नेलं. त्यांनी उलटंसुलटं करून किंमत बघितली अन म्हणाले, "हे वाचाले पैसे कायले देल्ले? घरी आला असता तं फुकट दाखवलं असतं." आणि ठेवून दिलं टीव्हीवर.

दिवाळीत गेलो तर पुस्तक टीव्हीवरच होतं, धुळीसकट. सहज उघडलं तर मध्यापर्यंत पानं हाताळलेली, एका पानाला हळदीचा डाग, म्हणजे आईनेही वाचलं असावं. आणि खूण म्हणून आत घातलेली कृषी सेवा केंद्राची पावती, सोयाबीन दोन बॅगा, तारीख जुलैची, खाली पेनाने लिहिलेलं 'बाकी'.

फोनवर मला दुबार पेरणीचं कोणी बोललंच नव्हतं. पावती होती त्याच पानात परत ठेवली.