छापताना छायाचित्रांतल्या करड्या छटा कुठे हरवतात

आमच्या गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेची जुळणी गेले दोन महिने मी लिबरऑफिस रायटर या मजकूर जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करीत आहे. आतली ४८ पाने फक्त काळ्या शाईत छापायची आहेत. पहिले प्रूफ हाती आले तेव्हा पडद्यावर स्वच्छ दिसणारी निम्मी छायाचित्रे कागदावर बिघडलेली होती, आणि बिघाडही एका प्रकारचा नव्हता. काही चित्रांत माणसांच्या चेहऱ्यांवर काजळी फासल्यासारखी दिसत होती, काहींवर गुलाबी झाक आली होती, तर सभासदांच्या आलेखातील दोन स्तंभ एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नव्हते. अहवाल, प्रबंध किंवा छोटे अंक स्वतःच जुळवणाऱ्या अनेकांना याच अडचणी येतात, म्हणून या तिन्ही दोषांचा शोध कसा लागला ते सविस्तर लिहीत आहे.

दोष दस्तऐवजात आहे की छपाईच्या टप्प्यावर, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी दस्तऐवजाची पीडीएफ काढून ती मोठी करून पाहावी. चित्र पीडीएफमध्येच काळवंडलेले असेल तर मूळ चित्र किंवा रायटरमध्ये त्याला दिलेली मांडणी तपासावी. पीडीएफ निर्दोष असून कागदावरच घोटाळा होत असेल तर छपाईच्या सेटिंगकडे आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, वळावे. मी हे पहिल्या दिवशी केले नाही आणि प्रिंटरच्या शाईवर संशय घेण्यात दोन संध्याकाळी घालवल्या.

काजळीचा दोष पीडीएफमध्येच होता, आणि त्याचे मूळ आपल्या बोलण्यात आहे असे माझे ठाम मत झाले आहे. रंगीत नसलेल्या प्रत्येक छायाचित्राला आपण ‘ब्लॅक अँड व्हाइट’ किंवा ‘कृष्णधवल’ म्हणतो. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र या शब्दांचा अर्थ शब्दशः दोनच रंग, असा असतो. रायटरमध्ये चित्राच्या गुणधर्मांत रंगाचे जे प्रकार दिलेले आहेत त्यांत ‘ग्रेस्केल’ आणि ‘ब्लॅक/व्हाइट’ हे वेगवेगळे आहेत: पहिल्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या २५६ छटा टिकतात, तर दुसऱ्यात एका ठरावीक उजेडाच्या खालचे सारे काळे आणि वरचे सारे पांढरे होते. वर्डमध्येही चित्राचा रंग बदलताना हे दोन पर्याय निरनिराळेच दिलेले असतात, आणि स्कॅनरच्या खिडकीत तर हमखास. मला मदत करणाऱ्या मुलाने जुने फोटो ‘ब्लॅक अँड व्हाइटच आहेत’ म्हणून तोच पर्याय निवडला होता. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण मराठीत त्याचा अर्थ तोच होतो. ‘ग्रेस्केल’ निवडताच सावलीत बसलेल्या माणसांचे डोळे पुन्हा दिसू लागले.

गुलाबी झाक मात्र पीडीएफमध्ये नव्हती. रंगीत इंकजेट प्रिंटरला करडे चित्र दिले तरी तो ते केवळ काळ्या शाईने छापतोच असे नाही. निळसर, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळूनही करडा रंग तयार होतो, आणि त्यांतील एखादी शाई किंचित जास्त पडली की त्या रंगाची झाक येते. काही ड्रायव्हरांमध्ये ग्रेस्केलचे दोन उपप्रकार असतात: एकात सर्व शाया वापरून गुळगुळीत करडा मिळवला जातो, दुसऱ्यात केवळ काळी शाई वापरली जाते. झाक घालवायची असेल तर दुसरा घ्यावा. त्यात छटा थोड्या खरखरीत दिसतात, पण स्मरणिकेच्या साध्या कागदावर ते खटकत नाही. लिबरऑफिसच्या ऑप्शन्समध्ये, प्रिंट या विभागात, छापताना रंगांचे ग्रेस्केल करण्याची एक खूण आहे. ती केल्यास पानावरचे रंगीत मथळेही करडे होऊन जातात. या सोयीवर विसंबू नये असे मला वाटते, कारण ते सेटिंग आपल्या संगणकावर राहते आणि फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर गेली की उपयोगी पडत नाही. छायाचित्र गिम्प या चित्रे सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच ग्रेस्केल करून मगच दस्तऐवजात घालणे अधिक खात्रीचे आहे.

आलेखाची गोष्ट सर्वांत शिकवणारी ठरली. रंगाचे करड्यात रूपांतर करताना सामान्यतः लाल, हिरवा आणि निळा यांना समान वजन दिले जात नाही. प्रचलित सूत्रात हिरव्याला ५८.७, लाल रंगाला २९.९ आणि निळ्याला ११.४ टक्के वजन असते. माझ्या आलेखात स्त्री सभासदांचे स्तंभ शुद्ध लाल आणि पुरुषांचे गडद हिरवे होते. संगणकात प्रत्येक रंगाचे मूल्य ० ते २५५ असते; शुद्ध लाल म्हणजे २५५ या मूल्याची करडी किंमत ७६ येते आणि १२८ मूल्याच्या हिरव्याची ७५. डोळ्यांना इतके निराळे वाटणारे रंग कागदावर एकच झाले, यात प्रिंटरचा काहीच दोष नव्हता. आता एक स्तंभ भरीव आणि दुसरा तिरप्या रेषांचा केला आहे.

एवढे करूनही लेझर प्रिंटरवरची चित्रे पडद्यापेक्षा गडदच आली. टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरमधली शाईची भुकटी, फिका करता येत नाही. करड्याचा भास लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांनीच करावा लागतो. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० बारीक बिंदू उमटवणाऱ्या, यंत्रावर इंचाला ७५ ठिपक्यांची जाळी धरली तर एका ठिपक्याच्या वाट्याला ८ बाय ८ म्हणजे ६४ घरे येतात, आणि पांढऱ्यासह जेमतेम ६५ छटा मिळतात. शिवाय छापताना ठिपके थोडे पसरतात, त्यामुळे मधल्या छटा अधिक काळ्या दिसतात. म्हणून गिम्पच्या लेव्हल्समध्ये मधली किंमत १ वरून १.२ पर्यंत नेऊन मी चित्रे मुद्दाम उजळ केली. पडद्यावर ती फिकट वाटतात, पण कागदावर नऊवारीचे काठ आणि मागच्या पाटीवरची अक्षरे नीट उमटली आहेत.

एका छायाचित्रावर मात्र इलाज चालला नाही. ते पाठवणाऱ्यांनी स्कॅन करतानाच दोन रंगांत केले होते, त्यामुळे करड्या छटा फाइलमध्ये शिल्लकच नाहीत. मूळ प्रत त्यांच्या घरी भिंतीवर आहे. रविवारी जाऊन ती काचेबाहेर काढू आणि ३०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये, पुन्हा स्कॅन करू.