आमची वाटचाल : अण्णांनी मोजलेले वेढे

जळालेल्या मोटारी भरून देण्याचं, म्हणजे त्यांतली जळालेली तार काढून नवी बसवण्याचं, आमचं दुकान आहे. आज तिथे वॉर्निश सुकवायला ओव्हन आहे, तारेचं इन्सुलेशन तपासायला मेगर आहे, हाताखाली तीन कारागीर आहेत. सुरुवात मात्र घराच्या पडवीत झाली, आणि ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी केली.

अण्णा मूळचे शेतकरी. एका हंगामात विहिरीवरची आमची मोटार दोनदा जळाली. दुसऱ्या वेळी भरून मिळायला आठवडा गेला आणि डोळ्यांदेखत पीक वाळलं. पुढे ती पुन्हा जळाली तेव्हा अण्णांनी स्वतःच उघडली. जुनं वाइंडिंग, म्हणजे मोटारीच्या आतल्या खाचांत बसवलेली तार, कापण्याआधी एकेका खाचेतले वेढे मोजले, तारेचं गेज (जाडी) मापलं, कुठली कॉईल, म्हणजे तारेची गुंडाळी, कुठून निघून कुठे जाते ते माझ्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर काढून ठेवलं. ३६ खाचांचा तो नकाशा अजून आमच्याकडे आहे.

दिवसभर शेत आणि रात्री मोटारी, असं मग वर्षानुवर्षं चाललं. घरातलं आवरलं की आई खाचांत घालायचा पेपर कापून द्यायची, दोन्ही टोकं नीट दुमडून, म्हणजे तार बसवताना कड फाटत नाही. फॉर्म्यावर, म्हणजे कॉईलच्या साच्यावर, तार गुंडाळताना अण्णा ओठांतल्या ओठांत वेढे मोजत. तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नाही, हे आम्ही मुलांनीच ठरवून घेतलं होतं. धाकटी बहीण मात्र गणित अडलं की थेट पुढ्यात जाऊन उभी राहायची. अण्णा तार सोडून तिला समजावत बसत. तोवर आकडा विसरलेला असे. मग सगळी कॉईल उलगडून पहिल्या वेढ्यापासून पुन्हा. आई एकदा तिला रागावली, तर म्हणाले, "वेढे परत मोजता येतात गं. पोरगी आज गप्प बसली तर उद्या विचारायची नाही."

जळालेली मोटार उघडली की आधी ते नुसते बघत राहत. स्टार जोडणीत, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉईलींचं एकेक टोक एकत्र जोडलेलं असताना, दोन फेजच्या कॉईली काळ्या आणि तिसऱ्याच्या कोऱ्या दिसल्या, की एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली. सगळ्या सारख्याच करपल्या असतील तर लोड जास्त, नाही तर व्होल्टेज कमी. एकाच खाचेत काळा डाग असेल तर पेपर फाटलेला किंवा आत ओल. कारण कळल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, ही त्यांची रीत. गिऱ्हाइकाबरोबर विहिरीपर्यंत जाऊन स्टार्टर, फ्यूज, केबलचा सांधा बघून येत. बऱ्याचदा जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा रिले तारेने बांधून निकामी केलेला सापडे.

अशाने मोटारी पुन्हा येणार नाहीत, धंदा बसेल, असं मी एकदा म्हणालो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टार्टर बघायला मलाच पाठवलं. तिथे तो शेतकरी आणि त्याची बायको घागरींनी रोपांना पाणी घालत होती. मी परत तसं बोललो नाही.

दुकान माझ्याकडे आलं त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या हातून चूक झाली. वॉर्निश दिल्यावर स्टेटरच्या, म्हणजे वाइंडिंग असलेल्या स्थिर भागाच्या, पोकळीत २०० वॅटचा बल्ब पेटवून रात्रभर सुकवायचं, अशी तेव्हाची आमची पद्धत. गर्दी होती, मी ४ तासांत बल्ब काढला. ती ५ एचपीची मोटार ९ दिवसांत बॉडीला लागून, म्हणजे वाइंडिंगचा करंट लोखंडी सांगाड्यात उतरून, परत आली. अण्णा शेतातून आले ते कपडे न बदलता तिच्यापुढे बसले. भरून, पुरती सुकवून ती स्वतः पोचवून आले. पैसे घेतले नाहीत. मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त मोटारींच्या नोंदवहीत त्या मोटारीपुढे लिहिलं, 'आपली चूक'. पुढे पैसे साठल्यावर पहिली मोठी खरेदी केली ती ओव्हनची. वहीत 'आपली चूक' हा रकानाही ठेवलाय, आणि तो भरायला कारागीर कचरत नाहीत याचा मला फार अभिमान वाटतो.

अण्णांना जाऊन ४ वर्षं झाली. मागच्या महिन्यात आवाज करते म्हणून एक मोटार आली. उघडली तर कॉईलच्या डोक्यांवर दोऱ्याची अण्णांची ती ओळखीची दुहेरी गाठ. वही काढली, नोंद १७ वर्षांपूर्वीची निघाली. मेगर लावला, वाइंडिंग ठणठणीत. फक्त ६२०६ नंबरची दोन्ही बेरिंगं वाजत होती. ती बदलली, आणि अण्णांच्या अक्षराखाली त्या दिवसाची तारीख टाकली.