माझा अनुभव : भर पावसाळ्यात पिल्लाला झालेली रक्ती हगवण

आमच्याकडे परसात कोंबड्या आहेत, थोड्या गावठी आणि थोडी गिरिराज या सुधारित जातीची पिल्लं. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, लांज्याच्या पुढे, म्हणजे पावसाळ्यात काय अवस्था असते ते कोकणातल्यांना सांगायला नको, घराच्या भिंतींना बुरशी येते तिथे खुराड्याचं काय घेऊन बसलात. पिल्लू आजारी पडलं की सगळे पहिलं औषधाचं नाव विचारतात म्हणून हे लिहितेय, कारण मला विचाराल तर औषध हाच त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, खरी मेहनत बाकीच्या गोष्टींनाच लागते.

पिल्लं महिना-सव्वा महिन्याची होती, श्रावण नुकता लागलेला. सकाळी कणी टाकली की ही मंडळी एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि त्यातली एक मादी कोपऱ्यात पंख पाडून, पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेली, जागची हलेना. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, मानमोडी आली, आता एकेक करून सगळी जातील बघ." मानमोडी म्हणजे राणीखेत, आणि ती भीती उगाच नाही, पूर्वी वाडीच्या वाडी कोंबड्या एका आठवड्यात साफ झालेल्या त्यांनी पाहिल्यात. पण आमच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा, म्हणजे राणीखेतच्याच लसीचा, थेंब डोळ्यात टाकलेला होता, नंतर गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या रोगाच्या लसीचाही दिलेला, आणि हिची मान सरळ होती, श्वासाला घरघर नव्हती, त्यामुळे मला काही ते पटेना.

तिला उचलून खोक्यात ठेवली आणि खाली तूस न घालता वर्तमानपत्र घातलं. हे कुणी करत नाही पण करावं, कारण तुसात शीट कशी पडली ते दिसतच नाही. तासाभरात कागदावर कोकमाच्या आगळासारखी लाल-काळपट शीट पडली. फोटो काढून पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचा लगेच फोन, ताई, बाकीच्यांत कुठलं मेलंय का? नव्हतं मेलेलं, पण त्याच रात्री एक गेलं, आणि डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं की मेलं तर पुरू नका, घेऊन या, बर्फाच्या खड्यांत ठेवा पण फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलं की आतलं काही नीट कळत नाही. तर सकाळी मी डब्यात बर्फ, बर्फात पिशवीत मेलेलं पिल्लू आणि दुसऱ्या हातात खोक्यात जिवंत पिल्लू अशी रिक्षाने निघाले. पिल्लाच्या किमतीपेक्षा रिक्षाचं भाडं जास्त झालं आणि रिक्षावाल्याने ते मला दोनदा ऐकवलं.

डॉक्टरांनी गोणपाटावर ठेवून मेलेलं पिल्लू फाडलं. मी आधी तोंड फिरवलं पण मग म्हटलं बघूया तरी. आतड्याच्या शेवटाकडे दोन बाजूंना दोन बंद पिशव्यांसारखे फाटे असतात, ते दोन्ही रक्ताने टम्म भरलेले होते, कापल्यावर आतून गुठळ्या निघाल्या. मग मांडीवरची कातडी सोलून दाखवली, म्हणाले गंबोरो असता तर इथे मांसात रक्ताचे ठिपके दिसले असते, हे स्वच्छ आहे. म्हणजे कॉक्सिडिओसिस, रक्ती हगवण. अगदी बारीक परजीवी असतो, आतड्यात वाढतो, त्याची अंडी शिटेतून बाहेर पडतात आणि ओलावा आणि ऊब मिळाली की दोनेक दिवसांत ती दुसऱ्या पिल्लाला लागायला तयार होतात. आमच्या खुराड्यात दोन्ही भरपूर.

औषध अँप्रोलियम, २० टक्क्यांची पावडर, ५ लिटर पाण्यात ६ ग्रॅम, पाच दिवस, आणि मग आणखी काही दिवस कमी प्रमाणात. आणि फक्त आजारी पिल्लाला नाही, त्या तुसात वावरणाऱ्या सगळ्यांना. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण घ्यावं, पण एक गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती ती म्हणजे दुकानदार याच्यासोबत सवयीने बी कॉम्प्लेक्सची बाटली देतो, मलाही दिली, अशक्तपणाला बरं म्हणून. डॉक्टर म्हणाले ती आत्ता कपाटात ठेवा. त्या परजीवीला वाढायला बी १ जीवनसत्त्व लागतं आणि हे औषध साधारण त्याच्यासारखंच दिसणारं असतं, परजीवी फसतो आणि उपाशी मरतो. आपणच वरून बी १ पाजलं तर औषध वाया. आधी औषधाचा कोर्स, ताकदीचं नंतर.

आता खरी कसरत. औषध पाण्यात आहे, आणि पावसाळ्यात पिल्लं औषधाचं पाणी कशाला पितील, अंगणभर डबकी, पागोळ्यांचं पाणी, माडाच्या मुळाशी साठलेलं, तिथेच चोची बुडवतात. म्हणून सगळ्यांना पाच दिवस आत कोंडून ठेवावं लागलं आणि त्यांनी जो आरडाओरडा केला त्याने शेजारच्या काकू दोनदा विचारायला आल्या की मुंगूस शिरलंय का. सगळं ओलं तूस खरवडून काढून खड्ड्यात पुरलं. फिनेल, डेटॉल वगैरेने त्या अंड्यांना काही होत नाही म्हणे, म्हणून चुलीवर पातेलंभर पाणी उकळून जमिनीवर आणि पाण्याच्या भांड्यांवर ओतलं, जमीन कोरडी झाल्यावर चुन्याची भुकटी भुरभुरवली आणि वर गिरणीतून आणलेलं नवीन तूस. भांडी विटेवर चढवली, कड पिल्लाच्या पाठीएवढी उंच, म्हणजे त्यात पाय घालून घाण करत नाहीत आणि पाणी सांडत नाही. आमच्याकडे सगळा ओलावा त्या सांडण्यातूनच होता, छप्पर गळत नव्हतं.

आजारी बाईसाहेब स्वयंपाकघरात, खोक्यात. वर पिवळा ६० चा बल्ब एका बाजूला, म्हणजे गरम झालं तर दुसऱ्या बाजूला सरकता येतं. लाईट जायची तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. पाणी स्वतःहून पीत नव्हती तर सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला एक थेंब, तो गिळला की दुसरा. चोच उघडून आत पाणी ओतायचं नाही, श्वासाचं भोक जिभेच्या मुळाशीच असतं, तिथे गेलं तर आजाराने नाही, त्यानेच मरतं. घरात प्रत्येकाचा एकेक उपाय होता, हळद, लसूण, ताक, यूट्यूबवरचा कुठला तरी पाला. हळद लावून काय होणार आतड्याला! सासूबाईंना नाही म्हणता येईना म्हणून हळद आमच्या भाजीत घातली आणि पिल्लाला फक्त औषधाचं पाणी. खायला स्टार्टर फीड, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, भिजवून आणि त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून, तेही तिने आधी नुसतं तुडवलं. कुणीतरी असंही सुचवलं की जगणार नाहीच तर कापून मोकळी व्हा, पण एक तर आजारी पाखरू खायचं नसतं आणि दुसरं म्हणजे श्रावण, त्यामुळे तो विषय घरात आपोआप मिटला.

बरं वाटतंय की नाही ते मी डोळ्यांवरून ठरवलं नाही, रोज सकाळी स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर पातेल्यात बसवून बघायचे. सुरुवातीला वजन उतरतच गेलं, मग थांबलं, आणि शिटेतलं रक्त बंद झाल्यावर दोन-चार ग्रॅमनी चढायला लागलं. कागदावर पहिली घट्ट, वर पांढरं टोक असलेली शीट दिसली तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून दाखवली, त्याने चहाचा कप खाली ठेवला. बाकीच्यांतलं एक अजून गेलं, उरलेली सगळी तरली.

परत कळपात सोडणं हे वेगळंच प्रकरण. बाहेर राहिलेल्या पिल्लाला बाकीची परकं समजून टोचतात, डोक्यावर रक्त काढतात. म्हणून आधी जाळीच्या पेटीत खुराड्यातच ठेवली आणि मग एका रात्री अंधारात बाकीच्यांच्या मध्ये नेऊन बसवली, शिवाय सोबतीला एक गरीब स्वभावाचं पिल्लू दोन दिवस तिच्या पेटीत ठेवलेलं. थोडी टोचाटोची झालीच. बी कॉम्प्लेक्स मग दिलं. वयाच्या मानाने ती अजून लहान दिसते, अंड्यावर पण उशिरा येईल असं धरून चाललेय.

राणीखेतचा पुढचा डोस, आर टू बी, साधारण आठव्या आठवड्यात असतो, तो तिला अंगात ताकद आल्यावरच द्यायचा ठरला म्हणून आम्ही सगळ्यांचाच थोडा पुढे ढकलला. ती लस एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते आणि बाटली शंभर डोसची, आमच्याकडे एवढ्या कोंबड्या कुठल्या, तर वाडीत सगळ्यांना सांगून ठेवलंय की ज्यांना टोचून घ्यायच्यात त्यांनी आदल्या संध्याकाळीच डालग्याखाली झाकून ठेवा, सकाळी एकदा सोडल्या की त्या काही डॉक्टरांच्या हाती लागणार नाहीत.