पद्मिनीची डागडुजी: आधी पत्रा, मग इंजिन

या खेपेच्या नोंदीत सांगण्यासारखे मोठे काम एकच आहे: पावसाळा तोंडावर येण्याआधी गाडीचे दोन्ही सिल, म्हणजे दारांखालच्या पोकळ पेट्या, नव्याने बसले. इंजिन अजून सुरू झालेले नाही, रंगाचा तर विषयच निघालेला नाही, आणि मागची नोंद वाचून ‘स्टार्टर कधी मारणार’ असे विचारणाऱ्या मित्रांची यामुळे थोडी निराशा होईल. तरीही मुंबईत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे भवितव्य इंजिनावर नव्हे तर पत्र्यावर ठरते, हे माझे मत या कामानंतर अधिकच पक्के झाले आहे.

गाडी १९७४ सालची, स्टेअरिंगजवळच्या दांड्याने गिअर बदलणारी प्रीमियर पद्मिनी. गिरगावातल्या एका वाडीत ती ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती आणि आता मुलुंडला आमच्या सोसायटीच्या इमारतीखालील पार्किंगमध्ये घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) चढवलेली आहे. ताडपत्री घालून ठेवली म्हणजे गाडी सुरक्षित राहिली, असा घरच्यांचा समज होता. प्रत्यक्षात ताडपत्री वरचा पाऊस अडवते, पण जमिनीतून वर येणारी ओल आतच कोंडून ठेवते. त्यात चौपाटीवरून येणारी खारी हवा मिसळली की दर्शनी भाग बरा दिसत असतानाच तळाचा पत्रा आतून पोखरला जातो. बॉनेट आणि छप्पर यांवर बोटाएवढाही गंज नव्हता; चालकाच्या पायाखाली मात्र जमीन दिसत होती.

इथे या गाडीची कुळकथा थोडी सांगणे भाग आहे, कारण दुरुस्तीचा क्रम तिच्यावरच अवलंबून आहे. फियाटने ११००-१०३ हे मॉडेल १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडले, तेव्हा आधीच्या ११०० मधली वेगळी चासी काढून टाकून संपूर्ण बॉडी हाच गाडीचा सांगाडा केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्याच घराण्यातली ११००डी १९६४ पासून तयार होऊ लागली. पुढे तिचे नाव आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाले, पण बॉडीची मूळ रचना तीच राहिली. म्हणजे दारांखालून जाणारी पोकळ पेटी, जिला आपण सिल म्हणतो, ती शोभेची पट्टी नसून गाडीचा भार पेलणारा भाग आहे. ती कुजली की गाडी मधोमध वाकते, दारे वर उचलून लावावी लागतात आणि कितीही बिजागऱ्या बदलल्या तरी दार नीट बसत नाही.

म्हणूनच सिल कापण्यापूर्वी केलेली तयारी प्रत्यक्ष कापण्यापेक्षा अधिक वेळ खाऊन गेली. गाडी घोड्यांवर घेताना त्या पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या मजबूत जागांखाली लावल्या, जेणेकरून सिलवर भार येणार नाही. दारे काढण्याआधी प्रत्येक दाराभोवतीची फट वर, मध्ये आणि खाली मोजून ठेवली. मग दारे उतरवून चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे आणि तिरपे आधार तात्पुरते वेल्ड केले. यानंतरच एका बाजूचा सिल कापला, तोही सबंध नव्हे तर तुकड्यातुकड्याने, आणि पहिली बाजू पूर्ण जोडून होईपर्यंत दुसऱ्या बाजूला ग्राइंडर लावला नाही. ‘दोन्ही बाजू एकदम उघडू, काम लवकर उरकेल,’ असे मिस्त्रींनी सुचवले होते. त्यांच्या हातात तीस वर्षांची कला आहे आणि मी त्यांच्यासमोर शिकाऊच आहे, पण या एका मुद्द्यावर मी अडून राहिलो.

जुना सिल उघडल्यावर पूर्वीच्या डागडुजीचा सगळा इतिहास बाहेर पडला. गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा, त्यावर फायबर, त्यावर लांबीचा (पुट्टीचा) जाड थर आणि वरून काळा रंग, असा तो चार मजली प्रकार होता. जुनी पद्मिनी विकत घेण्याच्या विचारात असलेल्यांनी खिशात एक लहान चुंबक अवश्य बाळगावे आणि सिल, मागच्या चाकांच्या कमानी व डिकीचा तळ येथे ते फिरवून पाहावे. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही. विक्रेत्याने इंजिन किती गोड चालते हे ऐकवायला सुरुवात केली, की हे काम आणखी मन लावून करावे.

नव्या सिलसाठी १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला आणि तो ब्रेकिंग मशीनवर वाकवून आणला. गॅस वेल्डिंगची उष्णता पातळ पत्र्यात दूरवर पसरते आणि पत्रा लाटेसारखा उठतो, म्हणून मिग (तारेने होणारे विजेचे) वेल्डिंग वापरले. तेही सलग न ओढता, थोड्याथोड्या अंतरावर टाके घालत आणि मधल्या जागा थंड होऊ देत. सिलच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी मूळ गाडीत जी भोके होती ती पुन्हा पाडली. अनेक ठिकाणी ही भोके ‘पाणी आत जाऊ नये’ म्हणून बुजवलेली आढळतात आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते, कारण पाणी आत जायला काचेच्या रबरापासून दारापर्यंत शंभर वाटा असतात, बाहेर यायला तेवढीच एक. जोडाच्या आतल्या बाजूला जस्तयुक्त प्रायमर आहे. रंगकाम झाल्यावर पोकळीत मेणाचा फवारा मारायचा आहे.

सोसायटी हे काम करू देते का, अशी विचारणा झाली होती, म्हणून सांगतो. ग्राइंडरला सकाळी दहा ते दुपारी एक अशी मुभा मिळाली, स्प्रे पेंटिंगला साफ नकार मिळाला, आणि तो योग्यच आहे. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी काढून इमारतीबाहेर नेली. रिकामी टाकी निर्धोक असते असे कोणी समजू नये. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक धोकादायक असते.

ब्रेकचे काम समांतर चालू आहे. चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने सगळे व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे भाग) आतून गंजून घट्ट झालेले. बाजारात मिळणारे नवे सिलिंडर घेण्याऐवजी मूळ ओतीव भाग कुर्ल्यात लेथवर बोअर करून त्यांत स्टेनलेस स्टीलच्या स्लीव्ह (आतल्या अस्तराच्या नळ्या) बसवून घेतल्या. त्या पुन्हा गंजणार नाहीत. ज्या उपनगरात ही गाडी जन्मली तिथल्याच सीएसटी रोडवर आजही तिचे सुटे भाग मिळतात. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्यापासून या दुकानांचे रोजचे गिऱ्हाईक संपले आहे, तेव्हा ज्यांना किंगपिन, बुश किंवा क्लच प्लेट लागणार आहे त्यांनी आताच घेऊन ठेवलेली बरी.

इंजिन मोकळे झाले, एवढी एक बातमी आहे. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइलचे मिश्रण सोडून ठेवले, अधूनमधून ते वाढवत राहिलो, आणि शेवटी मागची चाके उचलून, टॉप गिअर टाकून दोन्ही चाके एकदम हाताने पुढेमागे हलवल्यावर इंजिन सुटले. पिस्टन बदलावे लागतील की नाही हे हेड उतरल्यावर कळेल. बदलायचेच झाले तर इटलीहून मागवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: तिकडच्या ११००डी चे इंजिन १२२१ सीसीचे आणि ७२ मिलिमीटर बोअरचे (सिलिंडरच्या व्यासाचे) होते, आपल्याकडचे मात्र १०८९ सीसीचे आणि ६८ मिलिमीटरचेच राहिले. स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हींचा ७५ असला तरी बोअर वेगळा, म्हणून गाडीच्या नावावर विसंबून मागणी नोंदवली तर पार्सल हमखास चुकीचे येते.

पेट्रोलच्या बाबतीत २० टक्के इथेनॉलचा विचार आताच करून ठेवला आहे. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते आणि पाणी ओढून घेते, म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घेणार आहे. इथेनॉलमधील उष्मांक पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असल्याने आणि मिश्रण पातळ पडत असल्याने सोलेक्स कार्ब्युरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारे भोक) किंचित मोठा करावा लागेल असा अंदाज आहे.

काही जणांनी आधुनिक इंजिन आणि डिस्क ब्रेक बसवण्याचा सल्ला दिला. रोज ऑफिसला न्यायची गाडी असती तर मीही तो मनावर घेतला असता. परंतु २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायची असेल तर ती मूळ स्वरूपात असणे आवश्यक आहे. बॉडी, चासी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. अशा गाडीला रोजच्या वापराची परवानगी नसली तरी आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो, आणि घरच्यांना तो क्रमांक गाडीइतकाच प्रिय आहे.

पुढच्या टप्प्यात मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश, गाडीच्या तळाच्या पत्र्याचा उरलेला डावा तुकडा आणि वायरिंग आहे. दांड्याच्या गिअरच्या जोडणीतील प्लास्टिकचे बुश आणि पुढच्या तिकोनी काचांची रबरे मला अजून कुठेही चांगल्या प्रतीची मिळालेली नाहीत. कोणी नायलॉनचे बुश टर्न करून घेतले असतील तर त्यांनी मापे आणि किती दिवस टिकले ते कळवावे.